पंधरा काळ्या खुणा आणि एक कप चहा

भाऊसाहेबांनी तो कागद डब्याच्या पिशवीतून ऑफिसात नेला, तिथेच सगळं बिघडलं.

बायको पंधरवड्यासाठी बहिणीकडे निघाली, तेव्हा तिने जाड कागदावर पंधरा चौकोन आखून फ्रिजवर लावले होते. रोज सकाळी अर्धा तास चालायचं आणि दोरीने बांधलेल्या काळ्या स्केचपेनने खूण करायची. पंधरा खुणा झाल्या की एक कप साखरेचा चहा. (डॉक्टरांनी साखर तोडल्याला तीन महिने झाले होते. भाऊसाहेबांना स्वप्नातसुद्धा चमचा ढवळल्याचा आवाज यायचा.)

चालणं एकही दिवस झालं नाही. शेवटी शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या काळ्या पेनने त्यांनी पंधराही खुणा एका बैठकीत उरकल्या. काळं ते काळं, कोण बघतंय!

बायको एक दिवस आधीच, रविवारी सकाळी परतली. तिने कागद वाचला, चहाचं आधण ठेवलं आणि त्यात साखरही घातली. भाऊसाहेब कप पुसून तयार बसले.

समोर सातवीतली लेक शाळेचा प्रयोग मांडून बसली होती. टिपकागदाच्या पट्टीवर तिने फ्रिजवरच्या स्केचपेनचा ठिपका दिला आणि पट्टीचं टोक पाण्यात सोडलं. पाणी वर चढलं, तसा काळा ठिपका फुटला. निळा, जांभळा, वर पिवळा.

"प्रत्येक काळ्या शाईच्या पोटात वेगळे रंग असतात, बाबा. कुठल्या पेनने लिहिलं ते यावरून कळतं."

भाऊसाहेबांनी हातातला कप खाली ठेवला. त्यात लेकीला तुलनेसाठी दुसरी काळी शाई हवी होती. त्यांनी घाईघाईने स्वतःचा केसांचा कलप देऊ केला.

"कलप कशाला?" बायकोने फ्रिजवरचा कागद काढून दिला. "यातला शेवटचा चौकोन काप. बघू, तेच रंग येतात का."

पट्टी ग्लासात उतरली. पाणी चढू लागलं, तसतसं भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. गॅसवर चहाला उकळी येत होती. खूण आता बोटभर वर राहिली, मग अर्धं बोट. लेक ग्लासाला नाक लावून बसली होती आणि बायको ग्लासाकडे न बघता त्यांच्याकडे बघत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर लख्ख ऊन पडलं होतं.

"मी चाललो नाही," ते एका दमात म्हणाले. "एकही दिवस नाही. सगळ्या खुणा ऑफिसात केल्या."

पाणी खुणेपर्यंत आलं आणि तिला ओलांडून वर गेलं. खूण जागची हलली नाही.

"हे बॉलपेन आहे," लेक वैतागून म्हणाली. "याची शाई पाण्यात विरघळतच नाही. मी पट्टी फेकूनच देणार होते."

झाकली मूठ आपल्याच हाताने उघडली, म्हणून भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला.

"वाईट वाटून घेऊ नका," बायको चहा गाळत म्हणाली. "मला सकाळीच कळलं होतं. आज चौदावा दिवस आहे. तुम्ही उद्यासुद्धा चालून आलात."

चहा दोन कपांत ओतला गेला, एक तिचा आणि एक लेकीचा. मग तिने फर्मावलं, की निदान उद्याची खूण खरी करायची, त्यासाठी बूट आत्ताच काढून ठेवा. बूट काही सापडेनात. पलंगाखाली, माळ्यावर, गॅलरीत असं करत भाऊसाहेब अर्धा तास घरभर फिरले, आणि पंधरवड्यातलं त्यांचं चालणं काय ते तेवढंच झालं.