मूळ स्वरूपातली होडी

समितीचे अध्यक्ष बाबुराव ओगले कल्याणच्या खाडीत पडले. पण 'अध्यक्ष पडले नाहीत' असा ठराव समितीने एकमताने मंजूर केला आहे. तेव्हा ते पडलेच नाहीत असं धरून सुरुवात करू.

त्या वर्षी खाडीकाठच्या जुन्या गोदीत नामा कोळ्याची होडी डागडुजीसाठी वर ओढलेली होती. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेलं सूत ठोकून भरलं की नारळी पौर्णिमेला ती पाण्यात जायची. नाही गेली, तर नामाचा सगळा हंगाम काठावर बसून जाणार होता. तेवढ्यात डोंबिवलीहून नौका-वारसा संवर्धन समिती आली. गोदीवर पत्र्याची शेड घालून देतो म्हणाली, म्हणून गावाने चहा पाजला. चहा संपेपर्यंत नामाची होडी 'चालतं-बोलतं प्रदर्शन' झाली होती.

"दर रविवारी लोक येतील," बाबुराव म्हणाले. "तुम्ही त्यांच्यासमोर काम करायचं."

"ते तं आमी रोजच करतो," नामा म्हणाला.

"करा की! फक्त संपवू नका. मूळ स्वरूप बिघडतं."

होडी बांधणारा म्हातारा दामाजी मध्ये पडला. "साहेब, मंग काम कराचा का नाय कराचा?"

"करताना दिसायचं."

झालं. रविवारी नामा सूत भरायचा, लोक टाळ्या वाजवायचे. सोमवारी तो सूत उपसायचा, म्हणजे पुढच्या रविवारी दाखवायला फटी शिल्लक. आपण होडी दुरुस्त करतोय की नादुरुस्त, हेच त्याला कळेना. एका बाईंनी विचारलं, "तुम्ही खरे कोळी, की समितीने आणलेले?" नामा गडबडून म्हणाला, "विचारून सांगतो."

त्याची बायको जनी मात्र भडकली. "सूत भरता न परत काढता! मी बी आता भात शिजवून त्याचं परत तांदूल करून ठेवू का?"

"साहेबांना समजत असंल काईतरी."

"मंग पुनवेला होरी पान्यान कोन टाकील? साहेब?"

पौर्णिमेच्या दिवशीच समितीने प्रदर्शनाचं उद्घाटन ठेवलं. कोळ्यांचा सण, वातावरण आयतं. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, लाल फीत बांधली. फोटोसाठी बाबुराव होडीत चढले आणि कातर सापडेना. फोटोवाला घड्याळ बघू लागला, खाडीचं पाणी चढू लागलं. तेव्हा जनीने पुढे होऊन नारळ दिला. "कातर नाय तं नारल फोरा साहेब. शुभच हाय."

बाबुरावांनी वाकून तो नाळेवर फोडला.

इथे एक गोष्ट समितीला कुणी सांगितली नव्हती, कारण तिने विचारली नव्हती. नाळेवर नारळ फुटला की होडी पाण्यातच जाते. तो आवाज ऐकला की कोळीवाड्यातला माणूस हातातलं टाकून होडीला खांदा लावतो; कुणाची होडी, हे मागाहून बघतो. जाळं विणणारे उठले, पत्ते खेळणारे उठले, स्वागताचे ढोलवालेसुद्धा ढोल टाकून धावले. पहिला खांदा नामाचाच होता, आणि हे त्याला होडी सरकल्यावर कळलं.

"अहो थांबवा! मूळ स्वरूप!" बाबुराव ओरडत उभे राहिले. ओंडक्यांवरून होडी सुसाट खाली आली, पाण्याला लागली, आणि अध्यक्ष पडले नाहीत. न पडलेल्या अध्यक्षांना दोघांनी काखेत हात घालून चिखलातून वर काढलं, आणि हातावर खोबऱ्याचा प्रसाद ठेवला; तो त्यांनी खाल्लाही. चष्मा तेवढा अजून मिळालेला नाही.

होडीत सगळ्या फटींतून पाणी येत होतं. नामा आणि दामाजी आत उडी टाकून सूत ठोकत सुटले. या वेळी टाळ्या नव्हत्या, आणि सूत परत काढायचं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत होडीत थेंब येईना. दुसऱ्या दिवशी जनीच्या पाटीत बोंबलांखाली कातर सापडली. ती तिथे कशी गेली, हे नामाला आजही कळलेलं नाही.

आठवड्याने बाबुराव नवा चष्मा लावून आले. "होडी होती तशी वर आणा."

"नारल फुटलेली होरी हंगाम सरंपर्यंत वर घेत नाय साहेब," दामाजी म्हणाला.

"मग तसं लेखी द्या!"

जनीने सांगितलं, शाळेच्या मास्तरांनी शुद्ध करून लिहिलं, नामाने सही केली:

"मा. अध्यक्ष यांस, खोबऱ्याचा प्रसाद आपणही घेतला होता, हे नम्रपणे नमूद करतो. तरी पौर्णिमेस आपल्या हस्ते फुटलेला नारळ समितीने मूळ स्वरूपात, शेंडी व पाण्यासह, पूर्ववत करून द्यावा. तो मिळताच होडी वर ओढण्यात येईल. कळावे."