पुनारामच्या हातावरची नावं

घर्रर्र... हा आवाज पुनारामने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. कटंगीच्या आठवडी बाजारात, बांगड्यांच्या दुकानाशेजारी, गोंदणाऱ्याची मशीन वाजत होती. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत पोरगं हरवलं तर हातावरचं नाव वाचून कोणी घरी आणून सोडेल, म्हणून बापाने त्याला तिथं नेलं होतं. तो आवाज ऐकला आणि पुनाराम बापाचा हात सोडून जो पळाला, तो थेट तुमसरच्या बसमध्ये जाऊन बसला. (हरवू नये म्हणून नेलेलं पोरगं तिथंच हरवलं, हे त्याच्या बापाने पुढं मरेपर्यंत येईल त्याला सांगितलं.)

तेव्हापासून पुनारामचा हात कोराच राहिला. त्याचं त्याला काही वाटलं नसतं. पण त्याच्या बायकोच्या, रुख्माबाईच्या हातावर ‘पुनाराम’ असं ठसठशीत गोंदलेलं होतं. नवऱ्याचं नाव ती तोंडाने घेत नसे. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, कुठंही कोणी तिकडच्या सरकारी हिंदीत “पति का नाम?” विचारलं की ती टेबलावर हात पसरून ठेवायची. एकदा एका नर्सने त्या हाताला सरळ इंजेक्शनच दिलं.

भांडण झालं की तोच हात ती नवऱ्यापुढं धरायची. “माह्या हातावर तुमी हा. तुमच्या हातावर काय हाय? मच्छर चावल्याचे डाग!”

बेचाळीस वर्षं हे असंच चाललं.

मग चैत्रात नात झाली. पोरगा पवन उकव्याला खाणीत नोकरीला, पण बारसं कटंगीच्या घरीच झालं. आत्या म्हणजे पुनारामची लेक गीता. ती राजेगावहून आली, पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं आणि नाव सांगितलं, मयुरी. बायकांनी रीतीप्रमाणे गीताच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. बाळाने जांभई दिली. आणि ती जांभई बघून पुनारामचं काळीज असं काही विरघळलं, की पुढच्या बाजाराला तो आपल्या पायांनी गोंदणाऱ्या डोमाजीपुढं जाऊन बसला.

“काय लिहू?”

“मयुरी. नातीचं नाव हाय.”

घर्रर्र सुरू झालं. पहिल्या अक्षरालाच पुनारामने डोळे मिटून विचारलं, “नुसतं ‘म’ चालते काय?”

“हातभर नाव, चिमूटभर हिंमत,” डोमाजी म्हणाला. “बसा गुमान.”

तोवर पोरगी आईबापासोबत उकव्याला गेली होती. आली की बाही वर करून दाखवू, सगळे चाट पडतील, असा पुनारामचा बेत. तोवर कोणाला दिसू नये म्हणून त्याने पूर्ण बाहीचा सदरा घातला. भर ज्येष्ठात. पक्षी झाडावरून खाली पडतील असल्या उन्हात पुनाराम मनगटापर्यंत बटणं लावून ओट्यावर घाम पुसत बसू लागला.

“थंडी वाजून राह्यली काय तुमाले?” रुख्माबाई विचारायची.

“थोडीशी.”

तिने दोन दिवस काढा पाजला.

आणि एके सकाळी पवनचा फोन आला. फोनवर त्याचा आवाज इतका मोठा, की सूप घेऊन तांदूळ निवडणाऱ्या रुख्माबाईलाही सगळं ऐकू जात होतं.

“बाबा, पोरीचं नाव बदलून टाकलं.”

पुनारामने सदऱ्याची बाही गच्च धरली. “काहून?”

“अरे बाबा, बाजूच्या क्वार्टरमध्ये आमचे साहेब राह्यते. त्यायच्या मिसेसचं नावच मयुरी मॅडम! दिवार एकदम पतली. परवा दीपिका जोरात वरडली, ‘मयुरी, पुन्हा अंथरून ओलं केलं काय वं?’ साहेब दोन दिवस झाले माह्याशी बोलून नाही राह्यले.”

मागून सून दीपिका म्हणाली, “बाबा, आता अन्वी ठेवलं. एकदम युनिक आहे. टेंशन मत लो.”

“मंग झालं. एका घराजवळ एका नावाच्या दोन बाया कशाला?” पुनाराम घाईघाईत म्हणाला.

रुख्माबाई सूप पाखडता पाखडता थांबली. “पोरीले इचारलं काय कोनी?”

सगळे हसले. तीन महिन्यांच्या पोरीला काय विचारायचं? पुनारामही हसला, आणि बाजाराचा दिवस कधी येतो ते बोटांवर मोजू लागला.

डोमाजीने हात बघितला, मान हलवली. “माह्यापाशी लिहाची मशीन हाय, पुसाची नाही. झाकून देतो. मोर काढू?”

“किती मोठा?”

“पिसारा खांद्यापर्यंत जाईन.”

पुनारामने खांद्याकडं बघितलं आणि एखादं लहान जनावर काढायला सांगितलं. विंचू निघाला. जुन्या बाया गोंदवतात तसा, नांगी वर केलेला. ‘म’ त्याच्या पोटात गेला, ‘री’ शेपटीत. विंचवाखाली डोमाजीने ‘अन्वी’ लिहिलं. पुनाराम घरी आला तेव्हा त्याला खरोखरच थंडी वाजत होती. (काढा पुन्हा तीन दिवस.)

अन्वीला चार महिने झाले. म्हणजे नावाला, पोरगी सातची होती. आणि दिवाळीच्या तोंडावर पुन्हा फोन.

“बाबा, गीता रुसली. म्हणते, मी कानात सांगतलेलं नाव तुमी फेकता कसे, आत्या का फुकटची हाय? मंडईले येत नाही म्हणे. आणि आमच्या साहेबाची बदली पन झाली. मंग आमी पुन्हा मयुरीच करून टाकलं!”

पुनारामने फोन ठेवला आणि आडोशाला जाऊन बाही वर केली. मयुरी विंचवाच्या पोटात होती आणि बाहेर जी होती ती आता कोणाचीच नव्हती.

मंडईच्या आदल्या बाजाराला डोमाजीने त्याला लांबूनच हात जोडले. “आता कोनचं?”

पुनाराम स्टुलावर बसला. तसाही तो हळू बोलायचा, त्या दिवशी आणखी हळू बोलला. “डोमाजी, असं नाव लिही की ज्याले कोनी बदलवू शकत नाही. बेचाळीस वर्षांत नाही बदललं. लिही, रुख्माबाई.”

घर्रर्र सुरू झालं. या वेळी त्याने ‘नुसतं रु चालते काय’ असं विचारलं नाही.

मंडईला घर भरलं. गीता रुसवा सोडून आली. उकव्याहून पवन, दीपिका आणि पुन्हा मयुरी झालेली पोरगी आली. पुनारामने पोरीला उचललं. पोरीने आजोबाच्या बाहीचं बटण धरलं, ओढलं, बटण तुटलं आणि बाही कोपरापर्यंत सरकली. विंचू बाहेर!

पोरीने असं काही भोकाड पसरलं की शेजारचे धावत आले.

“अवो, हातावर काय चढलं तुमच्या?” रुख्माबाई केरसुणी घेऊन धावली आणि विंचवाला दोन फटके घातले. विंचू हलला नाही, पुनाराम हलला.

“थांब वो माय! गोंदलेला हाय,” गीताने हात धरला आणि वाचू लागली. “विंचू... खाली अन्वी... आन खाली...” ती एकदम हसली. “माय, तुह्यं नाव हाय! रुख्माबाई!”

पोरगीही रडायची थांबून बघू लागली. पवनने तोंडावर हात ठेवला. पुनारामच्या कानशिलापर्यंत लाली चढली, तरी त्याने छाती पुढं काढली.

“हौ. नातीचं नाव लिहिलं, तुमी बदलवलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा बदलवलं. म्हणून म्या असं नाव लिहिलं का जे जन्मापासून एकच हाय. आता बोल वो, माह्या हातावर काय हाय?”

“पण बाबा,” गीता म्हणाली, “मायचं जन्माचं नाव तर तुळसा. लग्नात तुमीच नाही बदलवलं काय?”

पुनारामने आधी हातावरचं नाव बघितलं, मग बायकोकडं.

त्याला आठवलं. मांडव, ताटात पसरलेले तांदूळ, आणि त्याच्या दुसरी पास हाताला धरून नवं नाव गिरवून घेणारा मामा. सासरी एक तुळसाबाई आधीच होती, त्याची काकू. एका घरात एका नावाच्या दोन बाया कशाला, असं त्याची आई म्हणाली होती. सगळे हसले होते. समोर पाटावर खाली मान घालून बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

“तुळसा,” पुनाराम हळूच म्हणाला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

रुख्माबाई जवळ आली. तिने विंचू बघितला, वाचता न येणारं आपलं नाव बोटाने चाचपलं. मग तिने पुनारामचा दुसरा हात धरला, डावा. बाहीचं बटण काढलं, बाही कोपरापर्यंत नीट दुमडली आणि तो कोरा हात वळवून वळवून, बाजारात वांगं बघावं तसा बघितला. बोटांनी अंतर मोजलं. तीन अक्षरं मावतील एवढं.

पुनारामच्या कानात घर्रर्र सुरू झालं.

“अवो,” तो काकुळतीने म्हणाला, “नुसतं ‘तु’ चालते काय?”

तिने हात सोडला, केरसुणी उचलली आणि “पुरं लिहाचं!” म्हणत आत निघून गेली.