हिरवी पट्टी, पांढरी पट्टी

"पाचू किनारा की निळी शिंपली? आज काय ते एकदाचं सांग," कुल्याश म्हणाली आणि तिने किटली टेबलावर जरा जोरातच टेकवली.

ओराझबेक उठून खिडकीपाशी गेला, तिथून दारापाशी गेला आणि परत खुर्चीत येऊन बसला. बाहेर करागंदा शहर गोठून पडलं होतं. फेब्रुवारी तोंडावर आला होता आणि तिकडे फु क्वॉक बेटावर माणसं उघड्या अंगाने नारळपाणी पीत होती, असं टूर कंपनीच्या माहितीपत्रकावर दिसत होतं. पाचू किनारा आणि निळी शिंपली या दोन हॉटेल-साखळ्या. दोघींचीही हॉटेलं त्याच बेटावर, एकाच वाळूवर, शेजारी शेजारी. दोन्हीकडे सगळं भाड्यातच आलं. मनगटाला एक पट्टी बांधायची की खाणं, पिणं, डुंबणं, सगळं आपलं.

"सांगतो ना. पण पाचूच्या उशा उंच आहेत म्हणे."

"मग शिंपली घे."

"शिंपलीतलं कलिंगड पाणचट असतं. पावलोदारच्या एका बाईने लिहिलंय."

कुल्याशने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. शहराला ऊब पुरवणाऱ्या बॉयलरघराचा हा मुख्य माणूस. तिथे काटा लाल रेषेवर गेला की हा कोणाला न विचारता चाक फिरवून मोकळा होई. घरी मात्र त्याला पडद्याचा रंगही ठरवता येत नसे. गेले पंधरा दिवस तो बॉयलरच्या आवाजात परक्या लोकांची उशांबद्दलची मतं वाचत होता आणि दर संध्याकाळी मत बदलून घरी येत होता.

"हे बघ," कुल्याश सावकाश म्हणाली, "मला समुद्र नसला तरी चालेल. कलिंगड नसलं तरी चालेल. दहा दिवस माझ्याकडे कोणी चहा मागू नये, एवढंच हवंय."

तिचं खरंच होतं. ओराझबेक शेंडेफळ, म्हणून रिवाजाप्रमाणे आईवडिलांचं घर त्याच्याकडे आलं आणि घराबरोबर सगळी भावकीही आली. लग्न असो, बारसं असो, कोणाची दाढ काढायची असो, माणसं इथेच उतरायची. आणि ओटीवर माणूस टेकला की सुनेने चहा ओतायचा. कुल्याश लग्न होऊन आली त्या दिवसापासून ओतत होती.

ओराझबेकला हे सगळं कळत होतं. त्याला बायकोवर उपकार नव्हे, नीट उपकार करायचे होते, आणि घोडं तिथेच अडलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर त्याला काही सुचेना. शेवटी त्याने फोन काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकलं: 'कोणी फु क्वॉकला गेलंय का? पाचू बरं की शिंपली?'

पाच मिनिटांत फोन जो थरथरायला लागला, तो बॉयलरवर ठेवला तरी थांबेना.

पहिला निरोप थोरल्या बहिणीचा, झैनेप आपाचा. 'धाकट्या, समुद्रावर चाललास आणि आम्हाला आज कळतंय?'

दुसरा कापिश काकांचा. काका निवृत्त गुरांचे डॉक्टर. 'माझ्या गुडघ्यांना खाऱ्या पाण्याने आराम पडेल. कधी निघायचं?'

"मी फक्त विचारलं होतं हो!" ओराझबेक फोनवर ओरडला.

"तेच तर! विचारलंस म्हणून बरं वाटलं," आपा पलीकडून म्हणाली. "हल्ली कोण विचारतं? आम्ही दोघं, पोरी, जावई, सगळे येतो. आता तू काही बघू नकोस. तुला जमत नाही ते. मी ठरवते."

आणि खरंच, जे ओराझबेकला पंधरा दिवसांत जमलं नव्हतं ते आपाने जेवणाच्या सुट्टीत उरकलं. ती टूर कंपनीत जाऊन धडकली. इतकी माणसं एकदम म्हटल्यावर पाचू किनाऱ्याने काकांची खोली जवळजवळ फुकटात देऊ केली. संध्याकाळपर्यंत अख्खी भावकी पाचूवासी झाली होती.

ओराझबेक घरी आला तो बूट काढायलाच घाबरत. "कुल्याश, आपलं ठरलं एकदाचं. पाचू."

"वाचलंय मी. ग्रुपवर मीही आहे," ती म्हणाली. "आपा विचारतायत, चहाचं पाणी उकळायला मोठा समोवर न्यायचा की मधला. तिकडचा दोऱ्याला बांधलेला चहा काकांना चालत नाही म्हणे."

"मी त्यांना नाही सांगतो. आत्ता सांगतो." त्याने फोन हातात घेतला, खिडकीपर्यंत गेला, परत आला. "उद्या सकाळी सांगतो."

"राहू दे," कुल्याश म्हणाली.

ती चिडली नाही, रडली नाही. पुढचे दिवस ती गुणगुणत बॅग भरत होती. बायको गुणगुणते आहे म्हणताना ओराझबेकची झोपच उडाली. भांडली असती तर निदान त्याला कळलं असतं की आपण कुठे उभे आहोत.

विमानात आपाने सगळ्यांना घोड्याच्या मांसाचं सॉसेज वाटलं. काकांनी गुडघ्यांची कहाणी हवाईसुंदरीला सांगितली. बेटावर उतरले तेव्हा गरम वाफाळ हवा तोंडावर आली आणि कोटांच्या आतच सगळे पाघळले. विमानतळाबाहेर दोन बस उभ्या होत्या, एक हिरवी आणि एक पांढरी. आपाने मेंढरं मोजावीत तशी माणसं मोजून हिरव्या बसमध्ये चढवली.

"वहिनी कुठाय?" आपाने विचारलं.

कुल्याश पांढऱ्या बसच्या पायरीवर उभी होती. डोक्यावर रुंद काठाची नवी हॅट होती. ती हॅट ओराझबेकने जन्मात पाहिली नव्हती.

"अगं, आपली बस ही!" तो धावत गेला.

"तुझी ती. माझी ही. मी माझी खोली बदलून घेतली, शिंपलीत."

"शिंपलीत? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू ग्रुपवर विचारलं असतंस," कुल्याश म्हणाली, आणि बसचं दार फुस्सकन मिटलं.

हिरवी बसही निघाली. मग काका म्हणाले, "असो. पण आता चहा कोण ओतणार?"

सगळ्यांनी आपाकडे पाहिलं. आपाने ओराझबेककडे पाहिलं.

तेव्हापासून ओराझबेकने समुद्र पाहिला तो समोवरच्या वाफेतून. पाचूच्या भोजनगृहात झिंगे होते, अननस होते, नाव ठाऊक नसलेली काटेरी फळं होती. भावकी ते सगळं खाई आणि मग झाडाखाली गालिचा पसरून म्हणे, "आता जरा चहा होऊ दे." ओतून शेवटच्याला द्यावं तोवर पहिल्याचा पेला परत येई. काकांना दाट, जावयाला फिका, आपाला दूध आधी. दूध नंतर घातलं तर तिला चवीवरून कळे. त्याच्या पाठीला रग लागली, बोटं भाजली. उशी उंच आहे की बुटकी, हे पाहायलाही तो जागा राहिला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी समोवर उकळायला ठेवून तो सटकला. वाळूवर दोन हॉटेलांच्या मध्ये एक दोर बांधला होता. तो ओलांडणार तोच पहारेकऱ्याने मनगट दाखवायला सांगितलं. ओराझबेकची पट्टी हिरवी. पहारेकऱ्याने हसून मान हलवली. इथे पांढरीच चालते.

तेवढ्यात कुल्याश आली. उन्हाने तिचं नाक लाल झालं होतं आणि चेहरा ओराझबेकला चक्क तरुण वाटला.

"वाळलास की रे," ती दोरापलीकडून म्हणाली.

"तू कशी आहेस?"

"मस्त. कोणी काहीच विचारत नाही. पहिल्या दिवशी तर मी उगाचच दोनदा उठून उभी राहिले." ती हसली. "आणि कलिंगड खरंच पाणचट आहे."

ओराझबेक वाळूत बसला. त्याला खूप सांगायचं होतं, पाठीचं, काकांचं, दुधाचं. पण तो नुसता म्हणाला, "कुल्याश, तू हे रोज कसं करायचीस?"

ती खाली बसली आणि दोराखालून त्याच्या भाजलेल्या बोटांवर तिने आपला थंडगार ग्लास टेकवला.

"धाकट्याऽऽ!" पाचूच्या बाजूने आपाची हाक आली. "उकळलं रे!"

तो परत गेला. मांडी घालून बसला. सगळ्यात आधी आपाचा पेला घेतला, दूध घातलं, चहा ओतला, आणि थांबलाच नाही. अर्ध्यावर हात आवरायचा असतो. कमी ओतायचं म्हणजे पाहुण्याने पुन्हा मागावं, पुन्हा बसावं. आणि काठोकाठ भरलेल्या पेल्याचा अर्थ त्यांच्यात पोरासोरांनाही कळतो: झालं, आता उठा. ओराझबेकने पेला काठोकाठ भरला आणि एक थेंबही न सांडता थोरल्या बहिणीपुढे धरला. त्याचा हात लाल रेषेवरच्या चाकावर असावा तसा स्थिर होता.

काका घास गिळायचे थांबले.

आपाने पेल्याकडे पाहिलं. भावाकडे पाहिलं. मग पेला दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"असा पेला एकदा माझ्या सासूला द्यायचा होता मला," ती तोंड पुसत म्हणाली. "गेली बिचारी, पण माझा काही धीर झाला नाही." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चला रे, उठा सगळे! इतकं उडून आलोय तर पाण्यात तरी जाऊ."

भावकी कुरकुरत उठली. कापिश काका सगळ्यांत शेवटी, समोवरकडे वळून वळून पाहत. ओराझबेक गालिच्यावर एकटा उरला. त्याने पाय लांब केले आणि बेटावर आल्यापासून पहिल्यांदा पाठ टेकली.

पाण्याच्या कडेशी पोचल्यावर आपा थांबली, मागे वळली आणि तोंडाशी हात धरून ओरडली,

"संध्याकाळी मात्र अर्धाच भर हं!"