डावखुऱ्यासाठी पंखा

पंख्यांच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, असं माझं बरीच वर्षं स्पष्ट मत होतं. इंदूरच्या सियागंजात आमचं पंखे आणि कूलरचं दुकान आहे. छताचा, टेबलाचा, भिंतीचा, कुठलाही पंखा मी डोळे मिटून नुसत्या आवाजावरून ओळखतो. त्यामुळे माझा साडू गजानन दुकानात येऊन “दिवाकर भिया, एक पंखा घ्यायचाय” म्हणाला, तेव्हा मी फक्त कुठल्या खोलीसाठी एवढंच विचारलं.

“बोटीसाठी,” गजानन म्हणाला.

गजानन म्हणजे माझ्या बायकोच्या, सुलोचनाच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. बँकेत चांगला होता. त्याचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, त्यामुळे वेग आपल्या रक्तात आहे आणि बँकेत तो वाया जातोय, असं त्याला एक दिवस वाटलं. नोकरी सोडून त्याने गोव्याहून एक जुनी स्पीडबोट आणली आणि महूच्या पलीकडच्या एका तलावात टाकली. लोकांना बसवून वाऱ्यासारखं फिरवायचं, असा बेत होता. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं, बोट एका खडकावर घासली आणि पाण्याखालच्या पंख्याचं एक पातं कानासारखं दुमडलं.

“बोटीचा पंखा वेगळा असतो ना, भिया? मतलब, कोणा बोटवाल्याला विचारू का?”

“पंखा तो पंखा,” मी म्हटलं. “तिथे हवा, इथे पाणी. तू चहा घे.”

आता मी अगदीच अडाण्यासारखं काही केलं नाही. रीतसर अभ्यास केला. बोटीच्या पंख्याला ‘पिच’ नावाचं एक माप असतं. स्क्रू लाकडात फिरवला की एका फेऱ्यात जसा थोडा पुढे जातो, तसा हा पंखा एका फेऱ्यात बोटीला किती पुढे नेईल, ते हे माप. म्हणजे पिच जितका मोठा तितकी बोट वेगात. इतकं सोपं गणित असताना लोक जाडजाड पुस्तकं का लिहितात, याचं मला नवल वाटलं. मी सगळ्यात मोठ्या पिचचा पंखा मागवला.

तो बसवला. गजाननने बोट सुरू केली. बोटीने नाक वर केलं, बूड पाण्यात रुतवलं आणि डबक्यातून उठायचा कंटाळा आलेल्या म्हशीसारखी ती तशीच राहिली. इंजिन कण्हत होतं. समोर फक्त आभाळ दिसत असल्यामुळे गजानन अंदाजाने चालवत होता. थोड्या वेळाने एक बदक आम्हाला ओलांडून पुढे गेलं. ते पोहत होतं.

“भिया, हे काय होतंय?”

“इंजिनाला जड जातोय,” मी म्हटलं. म्हणजे चढावर गाडी टॉप गिअरमध्ये घातल्यासारखं झालं होतं. हे मला तेव्हाच कळलं, पण आधीपासून माहीत असल्यासारखं मी सांगितलं.

एरवी पंखा निवांत बदलला असता. पण तेवढ्यात गजाननला निरोप आला की बोटिंगच्या परवानगीसाठी सरकारी साहेब रविवारी स्वतः पाहणीला येणार आहेत. परवानगी मिळाली तर धंदा, नाही तर पुन्हा बँकेच्या दारात. गजाननची बायको अरुंधती तशी गरीब स्वभावाची. ती मला एवढंच म्हणाली, “भाऊजी, या वेळी जरा बघून.” सुलोचना काहीच म्हणाली नाही. ती काही म्हणत नाही तेव्हा मी जास्त काळजी घेतो.

म्हणून मी मुंबईच्या एका दुकानाला सरळ फोन लावला. पलक नावाची मुलगी बोलत होती. अगदी अदबशीर. इंजिन कुठलं, बोट किती लांब, माणसं किती बसणार, सगळं विचारून तिने बरोबर मधला पिच काढून दिला. मी निश्चिंत झालो. मग ती म्हणाली, “और सर, राइट हँड या लेफ्ट हँड?”

मी फोनवर हात ठेवून समोर पाहिलं. गजानन डाव्या हाताने पोहे खात होता.

मला त्या मुलीचं खरंच कौतुक वाटलं. चालवणारा डावखुरा आहे का, इतका बारीक विचार आमच्या धंद्यात कोणी करत नाही.

“लेफ्ट हँड,” मी म्हटलं.

“पक्का, सर? लेफ्ट?”

“एकदम पक्का. बचपन से.”

“जैसा आप कहें, सर,” ती म्हणाली. तो मी आदर समजलो.

पंखा वाटेत कुठेतरी अडकला आणि थेट रविवारी सकाळी पोचला. आम्ही दोघांनी तो घाईघाईने बसवला. चपखल बसला. बोट पाण्यात ढकलतोय तोवर साहेबांची जीप आलीच, त्यामुळे चालवून बघायला वेळ मिळाला नाही. नव्या पंख्यात बघायचं काय असतं, असंही मी म्हणालो होतो.

वासुदेवजी नावाचे ते साहेब उंचेपुरे, मिशीवाले होते. त्यांनी लाइफ जॅकेट घातलं, मग त्यावर दुसरं घालता येईल का विचारलं. गजानन चालवायला, साहेब त्याच्या शेजारी आणि मागे मी, तज्ज्ञ म्हणून. आमच्या पाठीशी प्लास्टिकचे ठोकळे जोडून केलेला तरंगता धक्का होता. त्यावर दोघी बहिणी पोहे-जलेबीचं टेबल लावून उभ्या होत्या.

“चलें, साहब?” असं म्हणून गजाननने लिव्हर पुढे केला.

बोट मागे गेली.

गजाननला वाटलं, लिव्हर नीट लागला नाही. त्याने तो आणखी पुढे केला. बोट आणखी जोरात मागे गेली. धक्क्याला टायर बांधलेले होते म्हणून बरं, बोटीच्या मागे टांगलेल्या इंजिनाची टोपी जाऊन टायरवर आदळली. धक्क्याचा दोर तुटला. टेबल कलंडलं, जलेब्या एकामागोमाग एक पाण्यात उतरल्या. आणि पंखा खरोखरच दमदार होता, हे मला इथे सांगितलं पाहिजे, कारण आता आम्ही अख्खा धक्का ढकलत किनाऱ्याच्या कडेने निघालो होतो. धक्क्यावर दोघी बहिणी एकमेकींना धरून खाली बसल्या होत्या. सुलोचना माझ्याकडे पाहत होती. अंतर फारच थोडं असल्यामुळे मला दुसरीकडे बघता येईना.

“गजानन, थांबव,” मी म्हटलं.

त्याने घाबरून लिव्हर पूर्ण मागे ओढला. बोट थबकली आणि शांतपणे पुढे निघाली.

गजाननने लिव्हरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खालच्या आवाजात म्हणाला, “भिया, मागे ओढल्यावर पुढे जातेय.”

“मग मागेच ओढ,” मी म्हटलं.

रिव्हर्समध्ये इंजिन जोर कमीच देतं. त्यामुळे आमची ती वाऱ्यासारखी बोट लग्नाच्या वरातीच्या वेगाने तलावभर फिरली. गजाननचा चेहरा बघवत नव्हता. घोडदळाचं रक्त, आणि कडेने चालणारा एक म्हातारा आमच्या बरोबरीने येत होता, वर गप्पाही मारत होता. साहेबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. अर्ध्या वाटेत त्यांनी एक उघडला, मग दुसरा. मग त्यांनी हाताचं एक बोट पाण्यात बुडवून पाहिलं. वाटेत वाहत चाललेला धक्का लागला, तो आम्ही दोर टाकून मागे बांधला आणि दोघींसकट परत आणला.

उतरल्यावर मी धक्का बांधू लागलो. गजानन इंजिनाजवळ पाठ करून उभा होता. वासुदेवजींनी जॅकेट काढलं.

“देखिए, सच बताऊँ? मैं तो मना करने आया था,” ते म्हणाले. “मुझे पानी से बचपन से डर लगता है. ये तेज बोटें तो देखी नहीं जातीं. पर आपकी बोट... इतनी तसल्ली से तो हमारे यहाँ रिक्शा भी नहीं चलती.”

“और वो पीछे जाना, साहब?” गजाननच्या तोंडून निघून गेलं.

“वो आपने पहले ही दिखा दिया, अच्छा किया. ब्रेक तो चेक होना ही चाहिए.”

परवानगी मिळाली. फक्त एका अटीवर: बोट नेहमी याच वेगाने चालवायची.

दुसऱ्या दिवशी मी पलकला फोन करून जाब विचारला. तिने समजावून सांगितलं की लेफ्ट हँड म्हणजे उलटा फिरणारा पंखा. एका बोटीला दोन इंजिनं असली की त्यातल्या एकाला तो लावतात. चालवणाऱ्याच्या हाताशी त्याचा काही संबंध नसतो. “आपने इतना पक्का बोला, सर, तो मुझे लगा आपको मालूम होगा,” ती म्हणाली. मी तिचे आभार मानून फोन ठेवला.

गजाननने नंतर सरळ फिरणारा पंखा स्वतः मागवून बसवला. बोट आता लिव्हरच्या सांगण्याप्रमाणे चालते, पण चालते. पळत नाही. इंदूरहून भजनी मंडळं येतात, बारशाची मंडळी येतात, तान्ह्या मुलांना बोटीत झोप लागते. साहेब तर दर आठवड्याला कुटुंबाला घेऊन हजर असतात आणि गजाननच्या शेजारीच बसतात. महिनाभर तो माझ्याशी बोलला नव्हता. परवा त्याचा फोन आला.

“भिया, उद्या साहेब त्यांच्या आईंना आणतायत. त्या मागच्या वेळी म्हणाल्या की बोट फार पळते. याहून हळू चालणारा पंखा असतो का?”

“असतो,” मी म्हटलं. “पण पलकशी तू बोल.”