मौनात कबूल झालेली चार निळी पिल्लं

"खुडूक बसलेल्या कोंबडीला उठवायचं न्हाय, पोरी. तिचं अनुष्ठान असतंय."

माझे सासरे गेनबा यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मला हे सांगितलं. खुडूक म्हणजे अंडी उबवायचं मनावर घेऊन बसलेली कोंबडी. ती दिवसातून एकदाच उठते, दोन दाणे टिपते, पाणी पिते आणि पुन्हा जागेवर जाते. बोलत नाही, कुणाला भेटत नाही. मी माळकरी बाई. नेमधर्म करणारं कुणी भेटलं की मला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं, मग ते पिसांचं का असेना.

तेव्हा वारज्यात आमच्या घराभोवती ज्वारी होती. आता समोर अकरा मजली इमारत आहे. शेतं गेली, सासरे गेले, गावठी कोंबड्याही गेल्या. पण माझ्याकडे आता कोचीन आहेत, आणि मी हे हळू आवाजात सांगत असले तरी ठामपणे सांगते : अशा कोचीन कोंबड्या अख्ख्या पुण्यात कुणाकडे नाहीत.

तुम्ही कोचीन पाहिली नसेल, तर एखाद्या गुबगुबीत उशीला चोच आणि तुरा लावून बघा. पिसं पार पायांच्या बोटांपर्यंत. चालू लागली की वाटावं, लग्नघरातली थोरली जाऊ शालूच्या निऱ्या सावरत पंगतीतून फिरतेय. माझ्याकडे हळदीच्या रंगाची शेवंती आहे, दुधासारखी मोगरी आहे, काळाभोर कोंबडा कान्हा आहे. आणि गोकर्णी आहे. गोकर्णी निळी. म्हणजे पावसाळी ढगाला राख चोळावी तशी निळी.

लोक विचारतात, माळ घातलीत आणि कोंबड्या कशा पाळता? मी सांगते, आमच्या घरात अंडं फुटतं ते आतून, पिल्लाच्या चोचीनं. कढईच्या काठावर नाही.

तर, मला गोकर्णीचं निळं पिल्लू हवं होतं. दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा सगळी पिल्लं काळी निघाली. दुसऱ्यांदा फटाक्यांना घाबरून ती अंड्यांवरून उठली ती परत बसलीच नाही. आता तिचं वय झालं होतं. यंदा आषाढात तिनं आठ अंडी दिली, त्यांवर बसली, आणि मी समजून गेले की ही शेवटची. मांजरी गावात दिवाळीनंतर पक्ष्यांचं प्रदर्शन असतं. तिथे निळ्या कोचीनची जोडी मांडायची, एवढी एकच इच्छा माझी देवापाशी होती. बाकी सगळं त्यानं न मागता दिलेलं आहे.

चातुर्मासात माझा नेम असतो. एकभुक्त राहायचं आणि जेवताना मौन. ताटावर बसलं की तोंडातून शब्द काढायचा नाही. शब्द निघाला तर ताट सोडायचं, मग दुसऱ्या दुपारपर्यंत पाण्यावर. इतकी वर्षं हा नेम मोडला नाही. याचं श्रेय माझ्या श्रद्धेला आहे, तसंच आमच्या यांना आहे. माझ्या मौनात हे माझ्या खुणांचा अर्थ सांगतात. त्यांना तो कळत नाही, पण त्यामुळे ते थांबत नाहीत.

त्या दुपारी मी जेवत होते आणि दारात लिमये आले.

सुदर्शन लिमये म्हणजे समोरच्या इमारतीचे सेक्रेटरी. जन्म नारायण पेठेतला, मुलानं वारज्यात फ्लॅट घेतला म्हणून इकडे आलेले, आणि ते दुःख अजून न ओसरलेले. त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून नमस्कार केला.

"ताई, आपल्या कोंबड्याचा ब्रह्ममुहूर्त साडेतीनला सुरू होतो. आमचा सहाला होतो. काही मध्य काढता येईल का?"

मी चार बोटं दाखवली. चार घास राहिलेत, बसा, असं मला म्हणायचं होतं.

"ती म्हणतीय, चार पिल्लं देती तुम्हाला," आमचे हे म्हणाले.

मी घाईघाईनं वर बोट दाखवलं. दारावर घड्याळ आहे. जरा वेळ थांबा, एवढंच.

"आभाळाच्या रंगाची. निळी. लई नवसाची हायती."

मी कपाळावर हात मारला.

"म्हणतीय, नशीब काढलंत."

शेवटी मी यांच्यापुढे हात जोडले, की आता पुरे करा.

"आणि नाही म्हणू नका, अशी विनंती हाय तिची."

भांडायला आलेल्या माणसाला समोरून चार पिल्लं मिळाली, तर भांडण कुठे ठेवावं हे लिमयांना सुचत नसावं. मग त्यांनी मान लववली आणि गेले.

मी बोलू शकले असते. "अहो, गप्प बसा" या तीन शब्दांत सगळं मिटलं असतं. पण ताटात अजून चार घास होते आणि डोक्यावर चातुर्मास होता. हात धुऊन अंगणात धावले तोवर लिमये लिफ्टमध्ये शिरले होते. यांना मी फैलावर घेतलं, म्हणजे माझ्या परीनं घेतलं. हे म्हणाले, "मग खुणा नीट करायच्या की."

लिफ्टमधून तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत लिमयांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर लिहून टाकलं होतं. ते मला नंतर दाखवण्यात आलं : "समोरच्या बंगल्यातील ताई चातुर्मासाच्या उद्यापनाला निळ्या पिल्लांचे वाण देणार आहेत. पैकी चार माझी. उरलेल्यांसाठी इतरांनी आपसात भांडावे."

उद्यापन, वाण, निळं पिल्लू आणि फुकट. एवढ्या चार गोष्टी एका ओळीत आल्यावर पुण्यात काय होतं, हे मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी अंगणात हळदीकुंकवाला येतात तशा बायका आल्या. सातव्या मजल्यावरची नम्रता, मूळची नागपूरची आणि कॉम्प्युटरच्या कंपनीतली, म्हणाली, "काकू, माझ्यासाठी एक रिझर्व्ह करून ठेवा ना, सोफ्याला मॅच होते." एकीनं वाण घ्यायला स्वतःचं ताटही आणलं होतं. एका आजींनी शंका काढली की कोंबडीचं वाण शास्त्रात बसतं का. आमचे हे म्हणाले की गोदान बसतं, मग हे तर त्याहून आटोपशीर. अंडी आठ आणि मागणारे सोळा. यांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. माणूस मनानं मोठा आहे, पण पिल्लं माझी होती.

आणि हे सगळं पुन्हा माझ्या जेवणाच्याच वेळेला.

मी ताटावरून खिडकीतून बघत होते. गर्दी हळूहळू खुराड्याकडे सरकली. कुणीतरी मोबाइलचा दिवा चमकवला. गोकर्णी फुगली, फुत्कारली आणि अंड्यांवरून उठून थेट पेरूच्या झाडाखाली गेली. मागच्या वेळीही अशीच गेली होती.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ताट सोडलं. उपास पडला तर पडू दे. पण शब्द नाही. उजवा हात आमटीचा, म्हणून डाव्या हातानं पदर सावरत मी गर्दीतून वाट काढली, वाकून खुराड्यात शिरले, ती कोमट अंडी एकेक करून ओटीत घेतली, वरून पदर घातला आणि गोकर्णीच्या पेंढ्यावर मांडी घालून बसले.

सगळ्या जणी खुराड्यात वाकून बघायला लागल्या. मग ताट आणलेल्या बाईनं हात जोडले. तिचं बघून दुसरीनं. आजी म्हणाल्या, त्यांची शंका फिटली. नम्रतानं हळूच फोटो काढला. तो पुढे फार लांबवर गेला, माझ्या माहेरापर्यंत. खाली लिहिलं होतं, "काकूंची अनुष्ठान लेव्हल वेगळीच."

मला डोळे मिटून घ्यावेसे वाटले आणि मी मिटले. त्यानं तर कहरच झाला, कारण दोघीजणी नमस्कार करायला वाकल्या.

तेवढ्यात लिमयांचा आवाज आला.

"इथे प्रसाद नाही. इथे आरती नाही. घरी जावे."

गर्दी पांगली. लिमये पाठ करून फाटकाशी उभे राहिले, पहारेकऱ्यासारखे, आणि यांना म्हणाले, "हिंदुराव, आपण खुणांचा अर्थ लावू नका. आपण कोंबडी आणा." हे गुमान पेरूखाली गेले. बाजरी टाकत, लाडीगोडी लावत त्यांनी गोकर्णीला आणलं. ती माझ्याकडे बघत राहिली, माझ्या जागेवर तू कशी, अशा नजरेनं. मी अंडी खाली ठेवून सरकले आणि ती बसली. खरंच बसली. मी त्या दिवशी उपाशी होते, पण इतकं भरलेलं पोट मला आठवत नाही.

दुसऱ्या सकाळी आमच्या फाटकावर पाटी होती. "कोंबडी अनुष्ठानाला बसली आहे. अंडी आपली नाहीत. दिवा चमकवणाऱ्याचा फोन जप्त होईल." अक्षर लिमयांचं. शिवाय त्यांनी ग्रुपवर कळवलं की दर दोन पिल्लांत एक कोंबडा निघतो आणि तो साडेतीनला उठतो. संध्याकाळपर्यंत सोळाही जणांनी नावं मागे घेतली. सोफ्याला दुसरं काहीतरी मॅच झालं.

आठातून सहा पिल्लं निघाली. दोन काळी. आणि चार निळी.

मी देवापुढे साखर ठेवली आणि रडले. मग मोजलं, आणि रडायची पद्धत बदलली.

पिल्लं वाढली. निळ्यांत दोन नर आणि दोन माद्या, पायांवर पिसांचे पायमोजे, रंग असा की आईनं मान तिरपी करून बघावं. दिवाळी आली, प्रदर्शन जवळ आलं. आमचे हे म्हणाले, दोन निळी आणि दोन काळी द्यायची, लिमयांना रंगातलं काय कळतंय. नाहीतर खरं सांगून टाक की खुणांचा घोटाळा झाला.

खरं सांगणं हा काही अधर्म नाही. म्हणून मी गेले. लिमये खाली पेपर घेऊन उभे होते. मी म्हटलं, त्या दिवशी जेवताना मी जे काही कबूल केलं...

"तेच मी सगळ्यांना सांगतो," ते म्हणाले. "आपण ते बोलून कबूल केलं असतंत, तर मी विश्वास ठेवला नसता. लोक फार बोलतात. आपण मौनात दिलेत." मग घसा साफ केला. "घाई नाही. पण गॅलरीत जाळी बसवून झाली आहे."

मी विचारलं, आणि कोंबडा आरवला तर?

"शेजाऱ्याचा आरवला तर त्रास, ताई. स्वतःचा आरवला तर गजर."

मी परत आले. मांजरीला यंदा दोन काळी जातील. काळ्याही काही कमी नाहीत, नीट बघाल तर पंखांवर हिरवी झाक आहे. आणि मनातलं सांगायचं तर, चारही देणं काही निव्वळ पुण्य जोडायला नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चार निळ्या कोचीन म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यावरूनही दिसणार. येणारा-जाणारा विचारणार, ही कुणाची पैदास. लिमये खोटं बोलत नाहीत. त्यांना माझं नाव सांगावंच लागणार.

संध्याकाळी दिवा लावला, जप केला. हे टीव्हीपुढे होते. निळ्यांना एकेक करून टोपलीत ठेवलं, वरून जुन्या लुगड्याचं फडकं बांधलं. मग पायात चपला सरकवल्या, फाटक आवाज न करता लोटलं आणि रस्ता ओलांडायला लागले.