शेवटच्याचं फाटक

रविवारी सकाळी गेरेंट स्वयंपाकघरात सायकल उलटी ठेवून तिची तपासणी करत होता. आधी पुढचं चाक, मग मागचं, मग ब्रेक, मग साखळी. एकेक गोष्ट बघून झाली की तो स्वतःशीच "ठीक" म्हणत होता. आठवडाभर तो लोकांची गाडी चालवण्याची परीक्षा घेत असे आणि ती सवय सुट्टीच्या दिवशी कुठे काढून ठेवायची, हे त्याला अजून उमगलं नव्हतं.

त्या खोऱ्यात लायसन हवं असेल तर गेरेंटला शेजारी बसवून गाडी चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यामुळे गावात सगळे त्याला ओळखत आणि सगळेच टाळत. तो पबमध्ये शिरला की नापास झालेले भिंतीकडे बघत आणि पास झालेले, उगाच संशय नको म्हणून, ग्लास जरा हळू टेकवत. "काय साहेब, ढग आलेत." "हो, आलेत." एवढ्यावर संभाषण आटपे. लग्न त्याने केलं नव्हतं. बायको मिळाली असती तर तिनेही वळताना हात दाखवला असता, असं लोक म्हणत.

अपवाद फक्त रविवारचा. रविवारी तो साहेब नसे, गेऱ्या असे. हे नाव त्याला टुडुरने दिलं होतं. टुडुर गावचा खाटीक, दाराएवढा माणूस आणि घंटेएवढा आवाज. तिसरी नेरिस, प्रसूतिगृहातली सुईण. दर रविवारी तिघं सायकली ढकलत मोएल लास डोंगरावर चढत आणि माथ्यावरच्या दगडांच्या ढिगापासून खाली दुधाचे कॅन ठेवायच्या दूधकट्ट्यापर्यंत शर्यत लावत. जो शेवटचा येईल त्याने चहा होईपर्यंत किटली गरम ठेवायची गुलाबी लोकरी टोपी डोक्यावर घालून बसायचं. टोपी टुडुरच्या आईने विणली होती. किटलीच्या दांड्यासाठी आणि तोटीसाठी तिला दोन बाजूंना भोकं होती आणि त्यांतून गेरेंटचे कान बाहेर येत. दर रविवारी तेच कान.

डोंगर ओलवेन प्रॉबर्ट बाईंच्या मेंढ्यांचा. नवरा गेल्यापासून बाई एकट्याच शेत आणि कळप सांभाळत. सायकलींना वाट देताना त्यांनी एकच अट घातली होती. मधल्या भिंतीतलं फाटक, ज्याच्या वर मेंढ्या आणि खाली गाव, ते लागलेलं राहिलं पाहिजे. "एकदा चुकलात की डोंगर बंद," त्या म्हणाल्या होत्या. "कारण विचारणार नाही, सांगू नका."

गेरेंटला त्या दिवशी मान वर करवली नव्हती. प्रॉबर्ट बाईंना त्याने तीनदा नापास केलं होतं. अजूनही त्या तालुक्याला बसने जात, मांडीवर पिशवी घेऊन. तरी त्यांनी वाट दिली आणि त्याविषयी चकार शब्द काढला नाही. याचाच त्याला जास्त धाक वाटे.

फाटकाची पद्धत सोपी होती. पहिली येते ती नेरिस, ती उघडते आणि मागच्याला "तुझं!" म्हणून ओरडते. मधला टुडुर, तोही "तुझं!" म्हणतो आणि सुटतो. शेवटचा गेरेंट, तो उतरतो, फाटक ओढतो, कडी घालतो, हलवून बघतो, "ठीक" म्हणतो आणि मग निघतो. मागे वळून "तुझं!" म्हणायची पाळी त्याच्यावर कधीच आली नव्हती. कुणाला सांगितलं नसतं त्याने, पण आयुष्यात एकदा तरी ते म्हणायची त्याला इच्छा होती.

त्या रविवारी ते माथ्यावर पोचले तेव्हा खोरं ढगांनी काठोकाठ भरलेलं होतं. खाली ना गाव, ना चॅपल, ना रस्ता. फक्त दूरदूरचे डोंगरमाथे बेटांसारखे वर आलेले, आणि अदृश्य चंडोल कुठूनतरी सारखा गात होता. इतका वेळ बीटासारखा लाल होऊन धापा टाकणारा टुडुरही सायकलला टेकून बघत राहिला. नेरिसने हेल्मेट काढून हातात धरलं, जशी चॅपलमध्ये पुरुष टोपी धरतात.

"रोज बाळं बघते मी," ती हळूच म्हणाली. "पण हे बघितलं की असंच वाटतं. आत्ताच झालंय."

गेरेंटला काहीतरी म्हणायचं होतं. त्याला "ठीक" एवढंच सुचलं आणि त्यालाही ते अपुरं वाटलं.

"बरं, रडारड नंतर," टुडुर नाक ओढत म्हणाला. "टोपी धुऊन आणलीय, गेऱ्या. तुझ्याच मापाची झालीय आता."

"आज बघू."

"दर रविवारी बघतोच आम्ही!"

आणि तिघं सुटले.

नेरिस दगडांवरून पाण्यासारखी गेली. टुडुर धोंड्यासारखा गडगडत गेला. त्यांच्या मागे गेरेंट, दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवून. नेच्याच्या रानात वाट वळते तिथे टुडुरने नेहमीप्रमाणे वेग कमी केला नाही. सायकल वाटेवर राहिली आणि टुडुर नेच्यात गेला. माणूसभर उंच हिरवी पानं उघडली, त्याला आत घेऊन मिटली, आणि आतून एक शिवी ऐकू आली.

गेरेंट थांबला. "लागलं का रे?"

"बूट!" नेच्यातून आवाज आला. डोकं खाली घालून टुडुर बूट शोधत होता. कोण विचारतंय, हे त्याच्या कानात शिरलंच नव्हतं. "बूट कुठे गेला मेला!"

शिव्या देतोय म्हणजे शाबूत आहे, असं गेरेंटने ठरवलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं. टुडुर मागे आहे. म्हणजे तो स्वतः पुढे आहे. त्याने दोन्ही बोटं ब्रेकवरून काढली.

पुढचा उतार त्याला डोंगराने स्वतः उचलून खाली ठेवल्यासारखा वाटला. वारा कानात गात होता, चाकाखालची माती त्याचं ऐकत होती. फाटक आलं. नेरिसची पाठ नुकतीच पलीकडे दिसेनाशी होत होती आणि फाटक उघडं होतं. गेरेंट त्यातून भर्रकन गेला, मान वळवली आणि रिकाम्या वाटेकडे बघून, उभ्या जन्मात ओरडला नव्हता तेवढ्या मोठ्याने ओरडला,

"तुझं!"

टुडुरला बूट सापडला, पण तोवर बराच वेळ गेला होता. वाटेवर कुणीच नव्हतं. नेरिस पुढे गेली हे उघड होतं. गेरेंट मागे असणार हेही उघड होतं, कारण गेरेंट मागेच असतो. टुडुर फाटकापाशी आला, पलीकडे गेला आणि थांबला. बिचारा एकटा वर, त्याला वाटलं. पडला तर नसेल? त्याने तोंडाभोवती हात धरले.

"गेऱ्याऽऽऽ! येऽऽऽ रे!"

हिवाळ्यात बर्फ पडला की प्रॉबर्ट बाई त्याच फाटकाशी उभ्या राहून अशीच लांबलचक हाळी देतात आणि मग गवत टाकतात. डोंगरावर चरणाऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. जून महिना आहे हे त्यांना कळत होतं. पण बोलावणं ते बोलावणं.

"येऽऽऽ रे!"

कोण उत्तर देणार? शेवटी टुडुर वैतागला. फाटक गेऱ्या लावेलच, असं म्हणून त्याने पेडल मारलं. थोडं खाली आल्यावर त्याला मागून खडखडाट ऐकू आला. आला वाटतं, असं मनात म्हणून, शेवटच्या क्षणी गेऱ्या पुढे जायला नको म्हणून, त्याने जिवाच्या आकांताने वेग वाढवला.

खाली दूधकट्ट्यावर नेरिस चहा ओतत होती आणि गेरेंट शेजारी मोकळ्या डोक्याने बसला होता. तव्यावर भाजलेला मनुकांचा केक त्याच्या हातात तसाच होता. खायचं त्याला सुचत नव्हतं.

"काय रे, बोल ना काहीतरी."

"मागे कुणीतरी असलं की वारा वेगळा लागतो," गेरेंट म्हणाला.

तेवढ्यात टुडुर धाडकन येऊन थांबला. त्याने काही बोलायच्या आत नेरिसने गुलाबी टोपी त्याच्या हेल्मेटवर ओढून बसवली.

"ए, मला कशाला? गेऱ्या मागे आहे!" टुडुर धापा टाकत म्हणाला. "अगदी मागोमाग आहे. ऐक ना, आवाज येतोय!"

"गेऱ्या इथे आहे," गेरेंट म्हणाला.

टुडुरने त्याच्याकडे बघितलं. मग वाटेकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"मग मागे कोण आहे?"

नेरिसने कप खाली ठेवला. "फाटक कुणी लावलं?"

उत्तराची गरजच उरली नाही. डोंगराच्या कुशीतून, दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींच्या मधून, ढग खाली उतरत होता. पण ढगाला पाय होते. पांढऱ्या पाठी एकमेकींना घासत, वाकणं घेत, भिंतीएवढ्या भरून येत होत्या. वरचं टोक अजून धुक्यातच होतं आणि त्यातून मेंढ्या निघतच होत्या, जणू डोंगर आतून उकलत होता. हजारो खुरांचा तो आवाज पायाखालच्या जमिनीतून छातीत चढला. पळून जायला हवं होतं. तिघंही तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"आई गं," नेरिस म्हणाली. "किती सुंदर."

"डोंगर बंद," गेरेंट म्हणाला, आणि त्याला एकदम सगळे रविवार दिसले, रिकामे, एकामागोमाग एक. ढग आलेत, साहेब. हो, आलेत.

मग तो उठला. दूधकट्ट्यापाशी वाट दुभंगते. डावीकडे प्रॉबर्ट बाईंचं अंगण, उजवीकडे गावचा रस्ता. गेरेंट उजव्या फाट्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि त्याने उजवा हात सरळ वर केला, तळवा समोर. थांबा. भल्याभल्यांच्या गाड्या या हातापुढे बंद पडल्या होत्या.

"आडव्या लावा सायकली!" तो ओरडला. "टुडुर, हात पसर!"

"मला बघून बिथरतील रे! ओळखतात मला त्या!"

"टोपी आहे डोक्यावर. नाही ओळखणार."

सगळ्यात पुढची म्हातारी मेंढी गेरेंटसमोर येऊन थांबली. तिने त्याचा हात बघितला. मग टुडुरची टोपी बघितली. मग विचार करून ती डावीकडे वळली, वळणाचा कोपरा अगदी नेटका धरून, आणि तिच्यामागे अख्खा डोंगर डावीकडे वळला.

अंगण भरलं. शेवटचं कोकरू आत गेलं आणि मागून कुणीतरी लोखंडी दार लावलं. चॅपलला जायची निळी हॅट घातलेल्या प्रॉबर्ट बाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांचा म्हातारा कुत्रा मॉट, ठार बहिरा, पायरीवर झोपला होता.

"शेवटचं कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"मी, मावशी," टुडुर म्हणाला. टोपी अजून डोक्यावरच होती. "मला वाटलं गेऱ्या मागे आहे."

"उघडलं मी," नेरिस म्हणाली. "माझं चुकलं."

"नाही," गेरेंट म्हणाला. "शेवटचा तो होता, पण फाटक माझं होतं. दर रविवारी मीच लावतो. आज मी पुढे होतो, म्हणून थांबलो नाही. मिसेस प्रॉबर्ट, डोंगर बंद करायचा तर माझ्यापुरता करा."

बाईंनी त्याला नीट न्याहाळलं. "काय म्हणतात तुम्हाला हे? गेऱ्या?"

"फक्त रविवारी."

"मी तिसऱ्यांदा नापास कशी झाले, आठवतं का?"

त्याला आठवत होतं. त्याचे कान टोपीपेक्षा गुलाबी झाले. "तुम्ही परीक्षेच्या मध्येच रस्त्यात गाडी उभी केलीत, उतरलात... आणि कुणाचंतरी उघडं राहिलेलं फाटक लावून आलात."

"कुणाचंतरी!" बाई म्हणाल्या. "आत दुसऱ्याची गुरं होती. तुम्ही मला म्हणालात, सॉरी मिसेस प्रॉबर्ट, ही गंभीर चूक आहे. आज माझ्या फाटकापाशी थांबून ती चूक तुम्हाला करता आली असती. नाही केलीत. सॉरी, साहेब. नापास."

गेरेंटने मान खाली घातली. नेरिसने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मॉटने झोपेत शेपटी हलवली.

"आता फेरपरीक्षेचं," बाई पुढे म्हणाल्या. "उद्या सकाळी लोकर कातरणारे यायचेत. शेजारच्याचा पाय मोडलाय, या बहिऱ्याला माझी शीळ ऐकू येत नाही. दोन दिवस मी फोन करतेय, की हा कळप कुणी खाली आणून देता का. पुढच्या वर्षीही कातरणीच्या आदल्या रविवारी शर्यत लावा. तेवढ्या दिवशी फाटक उघडं ठेवलं तरी चालेल." त्या घराकडे वळल्या आणि थबकल्या. "आणि ती ओरडण्याची पद्धत चांगली आहे, टुडुर. टोपी मात्र किटलीला दे."

शरद ऋतूत प्रॉबर्ट बाईंनी चौथ्यांदा अर्ज केला. वार बुधवार होता. गेरेंट कोट घालून शेजारी बसला होता आणि बाईंनी पिशवी मागच्या सीटवर ठेवली होती. त्या आरसा बघत होत्या, हात दाखवत होत्या, सगळं यथासांग चाललं होतं. मग चॅपलच्या पुढच्या वळणावर, डाव्या हाताला, कुणाच्यातरी कुरणाचं फाटक वाऱ्यावर हलताना दिसलं.

बाईंनी ते बघितलं. स्टिअरिंगवरची त्यांची बोटं पांढरी पडली. पण त्यांनी नजर रस्त्यावर ठेवली आणि गाडी तशीच चालवत राहिल्या.

"मिसेस प्रॉबर्ट," गेरेंट म्हणाला, "पुढे सोयीची जागा बघून गाडी डावीकडे थांबवा."

त्यांनी थांबवली, अगदी नियमाप्रमाणे. गेरेंटने गुणांचा कागद लावलेली फळी सीटवर ठेवली, उतरला, पॉलिशच्या बुटांनी चिखल तुडवत मागे गेला, फाटक ओढलं, लावलं आणि येऊन शेजारी बसला.

"निघा."

बाई निघाल्या नाहीत. त्या आरशातून मागे बघत होत्या.

"कडी हलवून बघितलीस का रे, गेऱ्या?"

त्याने क्षणभर विचार केला. मग पुन्हा दार उघडून तो उतरला.