इंजिनाची दीर्घकालीन काळजी

निवृत्त अधीक्षकांनी गाडी घेतली, ती बायकोला तिच्या आईकडे नेता यावं म्हणून. म्हातारीला अलीकडे कमी दिसायचं. दिसतंय तोवर लेकीचं तोंड एकदा बघावं, एवढीच तिची इच्छा होती. प्रवास तत्त्वतः मंजूर झाला. इंजिनात तेल जाड घालायचं की पातळ, एवढा विषय प्रलंबित राहिला.

"साहेब, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घाला," गॅरेजवाला म्हणाला.

"पुस्तक कंपनीचं आहे, इंजिन माझं आहे." उभ्या नोकरीत अधीक्षकांनी कुठलाच प्रश्न इतक्या सहजासहजी सुटू दिला नव्हता.

अभ्यास सुरू झाला. पातळ तेल गार इंजिनात चटकन पोहोचतं, पण तापल्यावर टिकेल याची हमी कोण देणार? जाड तेल टिकतं, पण सुरुवातीला वर चढायला वेळ लावतं, आणि तेवढ्यात इंजिन झिजतं. बायको रोज पिशवी भरून दाराशी बसायची, आणि अधीक्षक रोज नवा मुद्दा उपस्थित करायचे. शेवटी निष्कर्ष निघाला की तेल कसलंही असो, झीज होते ती इंजिन चालू केल्यामुळे. सबब, इंजिन चालू करण्यात येऊ नये.

"अहो, मग आईकडे जायचं कसं?"

"मी पुढच्या तीस वर्षांचा विचार करतोय."

"आईकडे तेवढी नाहीत हो," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. अधीक्षकांनी या हरकतीची नोंद घेतली.

अखेर म्हातारीच दोन बस बदलून, विचारत विचारत आली. लेकीचा चेहरा तिने हातांनीच पाहिला, कारण डोळ्यांनी आता दिसत नव्हतं. अधीक्षक धन्य झाले. भेटही झाली आणि इंजिनही शाबूत राहिलं.

परतीच्या वेळी त्यांना मोठेपणा सुचला. "सासूबाईंना स्टँडपर्यंत गाडीतून सोडू," ते म्हणाले. सासूबाई मागच्या सीटवर बसल्या, स्टिअरिंगवर स्वतः अधीक्षक, आणि ढकलायला बायको. टायर झिजत होते, पण तो विषय दुसऱ्या टेबलाचा.

"जावईबापू, गाडी किती शांत चालते हो."

"जपलंय तिला," अधीक्षक नम्रपणे म्हणाले.

रस्त्यावरची माणसं पोट धरधरून हसली. मग घरी गेली, पाहुण्यांसाठीचे कप कपाटात तसेच ठेवून टवका उडालेल्या कपातून चहा प्याली आणि सोफ्यावर टेकली. तुम्हीही हसलात ना? जरा बूड हलवून बघा, खाली प्लास्टिक वाजतंय का.